चुकण्यासाठी राखलेली जागा

1907 साली इंग्लंडच्या सरे परगण्यात, वेब्रिज गावाजवळ, ह्यू लॉक किंग नावाच्या धनिक जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर काँक्रीटचे एक प्रचंड कडे बांधून घेतले. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर, रुंदी तीस मीटर, आणि वळणांवर बाहेरची कड जवळजवळ नऊ मीटर उंच उचललेली. ब्रिटनमध्ये तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर ताशी 20 मैलांपलीकडे गाडी हाकायला बंदी होती आणि रस्ते अडवून शर्यती भरवण्याचीही सोय नव्हती. फ्रान्स-इटलीतले मोटारवाले गावोगावच्या रस्त्यांवर शर्यती लावून आपली यंत्रे सुधारत असताना ब्रिटिश कारखानदार मागे पडत होते. ब्रुकलँड्सचा हा ट्रॅक त्या अडचणीवरचा तोडगा होता. तो चालवायचा कसा, याचा नमुना कुणापाशीच नव्हता, म्हणून सगळी रीत घोड्यांच्या शर्यतींकडून उसनी घेतली गेली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्याला ओळखीचे वाटेल असे पॅडॉक आणि हँडिकॅप तिथे आले. गाड्या ओळखू याव्यात म्हणून चालकांच्या अंगावर जॉकीसारखे रंगीत अंगरखेसुद्धा आले. एक गोष्ट मात्र उसनी घेता येण्यासारखी नव्हती. घोड्याला स्वतःच्या जिवाची भीती असते. तो भिंत बघून बिचकतो. मोटारीला ती भीती नसते. तिची भीती कुणीतरी आधी बसून जमिनीच्या आखणीत घालावी लागते.

मोटारशर्यतीच्या ट्रॅकविषयी जे काही समजून घ्यायचे त्याची सुरुवात इथून होते, असे माझे म्हणणे आहे. ट्रॅकची ख्याती वेगावरून होते. सर्वाधिक वेग, सर्वात जलद फेरी, सर्वात लांब सरळ पट्टा, हे आकडे लोकांच्या तोंडी असतात. पण वेगासाठी मुळात फारसे काही लागत नाही. लांब, सपाट, मोकळी धावपट्टी पुरते. ट्रॅकचे सारे शास्त्र खर्ची पडते ते एका वेगळ्या प्रश्नावर: इथे चालक चुकला तर पुढच्या चार सेकंदांत काय होईल? चुकीची किंमत काय असावी, ती कुणी भरावी आणि ती वसूल कशी व्हावी, हे आधीच ठरवून बांधलेली जागा म्हणजे ट्रॅक. किंमत फार चढी ठेवली तर माणसे मरतात, फार उतरली तर शर्यतीला अर्थ उरत नाही. या पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत आखणी, चालवणूक आणि वापर असे तीन भाग येतात. ते स्वतंत्र विषय म्हणून वाचता येतील. मला मात्र ते एकाच हिशेबाचे तीन टप्पे वाटतात: आखणीत किंमत ठरते, चालवणुकीत ती राखली जाते आणि वापरात तिचा मोबदला मिळतो.

आखणीचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडे फारसे जात नाही, पण त्याचे परिणाम कठोर आहेत. सपाट वळणावर गाडीला धरून ठेवते ती टायर आणि डांबर यांच्यातली पकड. चांगल्या टायरची साधी गाडी 50 मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी 80 किलोमीटरच्या आसपास निघू शकते. वेग दुप्पट हवा असेल तर त्रिज्या चौपट लागते, कारण गरज वेगाच्या वर्गाने वाढते. गाडीतल्या ऊर्जेचेही तसेच. ताशी 300 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत ताशी 100 च्या तुलनेत तिप्पट नव्हे, नऊपट ऊर्जा असते आणि तेवढाच ब्रेक लावला तर थांबायला नऊपट अंतर लागते. म्हणून आखणीकार आधी गाडी कुठे जावी ते पाहतो आणि लगेच, ती सुटली तर कुठे जाईल ते पाहतो. सुटलेली गाडी वळणाच्या बाहेर, स्पर्शिकेच्या दिशेने निघते. त्या दिशेला मोकळी जागा किती, त्या जागेत खडी की डांबर, शेवटी टायरांची रास की पोलादी कठडा, आणि कठडा गाडीला कोणत्या कोनात भेटणार, हे तिथेच ठरते. लांबवर पण आडवी उभी असलेली भिंत ही जवळच्या पण समांतर धावणाऱ्या भिंतीपेक्षा वाईट ठरू शकते, कारण समांतर भिंत गाडीला घासत नेते आणि आडवी भिंत तिला जागच्या जागी थांबवते. मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांत कठडे हाताच्या अंतरावर असूनही शर्यत होऊ शकते ती यामुळे आणि तिथल्या कमी वेगामुळे. फॉर्म्युला वनसाठी लागणाऱ्या पहिल्या श्रेणीचा परवाना देताना आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, नव्या ट्रॅकची रुंदी किमान 12 मीटर आणि सरळ पट्टा जास्तीत जास्त 2 किलोमीटर मागतो. सरळ पट्ट्यावर ही मर्यादा का, असे वाटेल. पण पट्टा जितका लांब तितकी त्याच्या टोकाला झालेली चूक महाग.

चांगला आखणीकार चूक नुसती झेलत नाही, तिला आमंत्रणही देतो. लांब पट्ट्यानंतर मंद वळण ठेवायचे आणि त्याच्या तोंडाशी ट्रॅक मुद्दाम रुंद करायचा. मग दोन-तीन वेगळ्या मार्गांनी वळणात शिरता येते, मागचा चालक आतल्या बाजूने उशिरा ब्रेक लावायचा मोह धरतो आणि कुणीतरी चुकतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर त्याचे आखणीकार हर्मान टिल्के यांनी हाच डाव मांडला होता. चढावरून पलीकडचे न दिसणारे वळण, आतून बाहेर कललेला डांबराचा पृष्ठभाग, वळता वळता आवळत जाणारी त्रिज्या, ही सगळी चालकाला हिशेब चुकवायला लावण्याची हत्यारे आहेत. ती वापरायचा अधिकार आखणीकाराला मिळतो, कारण त्याने चुकीनंतरच्या जागेचीही तजवीज केलेली असते.

ही समज जगाला फुकट मिळाली नाही. अमेरिकेत इंडियानापोलिसचा ट्रॅक 1909 साली उघडला तेव्हा त्याचा पृष्ठभाग ठेचलेल्या दगडांचा आणि डांबराचा होता. पहिल्याच मोटारशर्यतींत तो उखडला आणि चालक, मेकॅनिक व प्रेक्षक प्राणाला मुकले. त्याच वर्षी सुमारे 32 लाख विटा लावून तो नव्याने बांधावा लागला. 1955 साली ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत पिटसमोरच्या पट्ट्यावर पियेर लव्हे यांची मर्सिडीज पुढच्या गाडीवर चढली, तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. तिथे धावत्या गाड्या आणि पिटमध्ये वळणाऱ्या गाड्या यांच्यामध्ये काहीच आडोसा नव्हता. 1920 च्या दशकातल्या गाड्यांसाठी योजलेल्या जागेवर 1950 च्या दशकातल्या गाड्या धावत होत्या. मधल्या काळात चुकीची किंमत कित्येक पटींनी वाढली होती आणि ती कुणी पुन्हा मोजलीच नव्हती. त्या दुर्घटनेनंतर स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतींना कित्येक दशके बंदी घातली. इमोलाच्या टांबुरेलो वळणावरही भिंत जवळ होती, कारण तिच्या मागून सांतेर्नो नदी वाहते. तिथे आधीही मोठे अपघात झाले होते आणि नदी हलवता येत नाही हे उत्तर पुरेसे मानले गेले होते. 1 मे 1994 ला तिथल्या अपघातात चालक आयर्टन सेना प्राणाला मुकला. नंतर त्या वळणाच्या जागी वेग तोडणारी दुहेरी वळणे आली. नदी जिथे होती तिथेच राहिली. हलवता येण्यासारखा होता तो वेग.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या शर्यतींच्या प्रेमिकांचा. धोका होता म्हणूनच ते ट्रॅक महान होते, असे ते म्हणतात. जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला 1927 चा न्यूरबर्गरिंग किंवा बेल्जियममधला 14 किलोमीटरचा जुना स्पा जिंकणे म्हणजे मृत्यूला हुलकावणी देणे होते आणि ते रद्द करणे म्हणजे खेळाचा कणा काढून घेणे. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे: जिथे चुकीला किंमतच नाही तिथे अचूकपणाचे कौतुक कसे व्हावे? पण त्या ट्रॅकवर माणसे कशाने मरणाच्या दारात गेली ते जवळून पाहिले तर आक्षेप डळमळतो. 1966 साली स्पाच्या पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी उलथली, तो पेट्रोलने भिजून सुमारे पंचवीस मिनिटे तीत अडकला आणि दोन प्रतिस्पर्धी चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला सोडवले. यातली पहिली दहा सेकंदे पावसाची आणि वेगाची म्हणता येतील. उरलेली मिनिटे निव्वळ बेपर्वाईची होती. पाना नसण्यात कोणते शौर्य? स्टुअर्टने त्यानंतर पट्टे, कठडे आणि डॉक्टर मागायला सुरुवात केली तेव्हा त्याला भित्रा म्हटले गेले. त्याने तीन जगज्जेतेपदे जिंकली. धोक्याची मागणी करणारे बहुतेक वेळा कौशल्याच्या कसोटीची मागणी करत असतात. ती कसोटी वेळ, जागा आणि विजय गमावण्याच्या किमतीवरही घेता येते. ल माँचे प्रेक्षक तर कुठल्याच कसोटीला बसलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आजचा आहे: किंमत उतरवता उतरवता ती शून्यावर आली. वळणाबाहेर खडीऐवजी डांबराचे विस्तीर्ण मैदान पसरले, त्यामुळे चुकलेला चालक निवांत वळसा घालून परत येतो. काही ठिकाणी तर बाहेरून गेल्याने वेळ वाचतो. हा आक्षेप मला मान्य आहे. 2023 च्या ऑस्ट्रियन ग्राँप्रीत ट्रॅकची हद्द ओलांडल्याची बाराशेहून अधिक प्रकरणे तपासायला आली आणि निकाल संध्याकाळी उशिरापर्यंत बदलत राहिला. पांढरी रेघ चालकाला काही शिकवत नाही. तिच्यासाठी पंच नेमावे लागतात. पण यावरचा उपाय पाहा. पुढच्या वर्षी तिथल्या त्रासदायक वळणांच्या बाहेर खडीची एक अरुंद पट्टी टाकली गेली. चाक तीत गेले की वेळ जातो, टायर मळतो, गाडी हिसकते. पलीकडे मोकळी जागा मात्र तशीच राहते. प्रकरणे झपाट्याने घटली. म्हणजे सुरक्षितता आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या एकाच जागी नांदू शकतात. नवे ट्रॅक सगळे सारखे दिसतात ही तक्रारही बरीचशी सुरक्षिततेच्या नावावर चुकून खपवली जाते. सपाट, रिकामी जमीन निवडली की ट्रॅक सपाट होणारच. त्याच टिल्के यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिलेच वळण सुमारे 40 मीटरच्या चढावर नेऊन ठेवले, तिथे सारखेपणाची तक्रार फारशी ऐकू येत नाही.

जमीन कितीही विचाराने आखली तरी तिच्यावर माणसे नसतील तर ती अर्धीच राहते. शर्यतीच्या दिवशी ट्रॅकभोवती ठराविक अंतरावर मार्शलांच्या चौक्या असतात. प्रत्येक चौकीला पुढची दिसावी असा प्रयत्न असतो, कारण पिवळा झेंडा एकीकडून दुसरीकडे पोहोचायला हवा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी. निळा म्हणजे मागून जलद गाडी येत आहे, वाट द्या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे डांबर निसरडे. लाल म्हणजे शर्यत थांबली. ही माणसे बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात. 1973 मध्ये नेदरलँड्सच्या झांडफोर्टला रॉजर विल्यमसनची उलटी पडलेली गाडी पेटली तेव्हा मार्शलांपाशी आगीला टिकणारे कपडे नव्हते, शर्यत चालूच राहिली आणि डेव्हिड पर्ली नावाचा प्रतिस्पर्धी चालक स्वतःची गाडी सोडून एकटा धडपडत राहिला. विल्यमसन वाचला नाही. 1978 पासून न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांनी हेलिकॉप्टर, भूलतज्ज्ञ आणि पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग धावणारी वैद्यकीय गाडी यांचा आग्रह धरला. त्या मागोमाग धावणाऱ्या गाडीमुळेच 2020 मध्ये बहारीनला रोमँ ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली तेव्हा डॉक्टर काही सेकंदांत तिथे होते. चालवणुकीतल्या चुकीचीही किंमत असते, हे 2014 मध्ये सुझुकाला कळले: एक गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर पावसात घसरलेली दुसरी गाडी आदळली, ज्यूल बियांकीला झालेली दुखापत पुढे प्राणघातक ठरली आणि 2015 पासून सर्वांचा वेग एकदम उतरवणारी आभासी सेफ्टी कारची पद्धत रुजू झाली. न्यूरबर्गरिंगच्या जुन्या वळशावरून फॉर्म्युला वन 1976 नंतर गेली तीही मुख्यतः चालवणुकीच्या कारणाने. त्या वर्षी तिथे झालेला चालक निकी लाउडाचा अपघात निमित्त ठरला. बावीस किलोमीटरवर पुरेशा चौक्या, बंब आणि रुग्णवाहिका ठेवणे अशक्य होते. जेवढी लांबी राखता येते तेवढाच ट्रॅक.

आता वापर. वर्षातून तीन दिवस दूरदर्शनवर दिसणारा ट्रॅक उरलेल्या दिवसांत काय करतो, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. न्यूरबर्गरिंगचा जुना वळसा आजही जिवंत आहे तो यामुळे: कारखानदार तिथे नव्या गाड्या तपासतात आणि ठराविक वेळी कुणीही पैसे भरून स्वतःची गाडी फिरवू शकतो. तिथे कठडा वाकवला तर त्याचे बिल चालकालाच येते. किंमत इतकी उघड दुसरीकडे क्वचितच मांडलेली असेल. सुझुकाचा आठच्या आकड्यासारखा ट्रॅक 1962 मध्ये होंडाने बांधला तो मुळात स्वतःच्या गाड्यांच्या चाचणीसाठी. आपल्याकडेही हीच गोष्ट दिसते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक उभारला. कोइम्बतूरजवळ करिवर्धन यांच्या नावाचा 2.1 किलोमीटरचा ट्रॅक आहे. स्वस्तातल्या फॉर्म्युला मारुती गाड्या हे करिवर्धन यांचेच काम, आणि त्या गाड्यांतून नारायण कार्तिकेयनसारखा चालक 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत गेला. या ट्रॅकवर टायर कंपन्या, दुचाकी कारखाने, चालक शाळा यांची वर्दळ असते.

याच्या शेजारी बुद्ध सर्किट ठेवले की तिसरा आक्षेप आपोआप उभा राहतो. शेतजमिनीच्या प्रदेशात पाच किलोमीटरचा भव्य ट्रॅक बांधला. 2011 ते 2013 अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. करमणूक कर, आयात शुल्क आणि आयकर यांच्या वादात सारे अडकले आणि आयकराचा खटला 2017 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गरीब देशाला हा श्रीमंतांचा खेळ परवडतो का, असा प्रश्न विचारणाऱ्याला उडवून लावणे अप्रामाणिक होईल. माझे उत्तर असे की बुद्ध सर्किटचे अपयश आखणीत नव्हते, चालवणुकीतही फारसे नव्हते. पहिल्या सरावात भटके कुत्रे ट्रॅकवर आले तेव्हा झेंडे दाखवून सराव थांबवला गेला, म्हणजे यंत्रणा जागी होती. अपयश वापराच्या हिशेबात होते. वर्षातल्या एका शर्यतीवर ज्याचा खर्च निघायचा आहे असा ट्रॅक तोट्यातच जन्मतो. म्हणून महाराष्ट्रात ट्रॅकची मागणी करणाऱ्यांनी आधी नोएडापेक्षा कोइम्बतूर पाहावे. पुणे-चाकण पट्ट्यात गाड्या बनतात, कोल्हापुरात कार्टिंगवर मुले तयार होतात; छोटा, रोज वापरात राहणारा ट्रॅक या दोघांच्या उपयोगाचा आहे. भव्य ट्रॅक कुणाच्या उपयोगाचा, याचे उत्तर मागणाऱ्यांनी आधी द्यावे.

तरीही एक शंका उरते: मूठभर चालकांच्या चुकांचा एवढा विचार बाकीच्यांनी का वाचावा? कारण ट्रॅक आणि रस्ता यांच्यातली भिंत वाटते तेवढी जाड नाही. इंडियानापोलिसला 2002 मध्ये काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि फोम यांचा धक्का शोषणारा कठडा बसला. तो घडवला नेब्रास्का विद्यापीठातल्या महामार्गांच्या कडेची सुरक्षा अभ्यासणाऱ्या अभियंत्यांनी. म्हणजे तेच भौतिकशास्त्र, तीच माणसे, आणि प्रश्नही तोच. 2022 साली भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांच्याविषयीच्या बातम्या बहुधा चालकाचा ताबा सुटला या वाक्यापाशी थांबतात. ट्रॅकचा अभियंता त्या वाक्यापासून सुरुवात करतो: ताबा सुटणारच होता, मग पुढे काय ठेवले होते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 जण दगावले. त्यानंतर तिथे उघडी टोके झाकणे, कठडे लावणे, अडथळे हटवणे असे काम हाती घेतले गेले, वेगावर आणि शिस्तीवरही लक्ष दिले गेले, आणि पुढच्या वर्षांत आकडा बराच खाली आला. यात चालकाला निर्दोष ठरवलेले नाही. चूक त्याचीच राहते. तिची किंमत मात्र रस्ता बांधणाऱ्याने ठरवलेली असते, त्याने ती कधी मोजली असो वा नसो. ट्रॅकवर ही जबाबदारी नाकारता येत नाही, कारण तिथे परवाना देणारा तपासनीस येऊन प्रत्येक वळणापाशी तेच विचारतो. या पुस्तकातली वळणांची मोजमापे, झेंड्यांचे नियम आणि ट्रॅकच्या जमाखर्चाचे आकडे वाचताना वाचकाने तोच प्रश्न आपल्या रोजच्या रस्त्यालाही विचारावा. शर्यतीत ज्यांना काडीचा रस नाही त्यांच्यासाठीही हे पुस्तक तेवढ्यापुरते तरी कामाचे आहे.